चार्जिंगच्या आधीचं काम

अतिउच्चदाब उपकेंद्रांत टेस्टिंग-कमिशनिंगचं काम करायचंय, असं म्हणणारी मुलं बहुतेक वेळा ४०० केव्हीच्या बसबारकडे बघून बोलत असतात. आयसोलेटर उघडताना निघणारा निळा जाळ, घराएवढा ट्रान्सफॉर्मर, एसएफ-६ ब्रेकरचा कानठळ्या बसवणारा आवाज. हे सगळं तिथे आहेच. पण रुजू झाल्यावर तुमचा बहुतेक वेळ मार्शलिंग बॉक्ससमोर उकिडवं बसून जाणार आहे. हातात स्क्रू-ड्रायव्हर आणि मल्टिमीटर, मांडीवर ड्रॉइंगची फाइल. ज्या तारांशी तुमची गाठ पडते त्यांत २२० व्होल्ट डीसी असतो, ११० व्होल्ट एसी असतो, नाहीतर जेमतेम एक अँपिअर करंट. उच्चदाबाचं म्हणून जे काम ओळखलं जातं ते असं बोटाएवढ्या जाडीच्या कंट्रोल केबलींत चालतं. ज्याला हे आवडत नाही त्याने या वाटेला न गेलेलं बरं.

उपकेंद्र एका हाताने उभं राहत नाही. ब्रेकर नाशिकहून येतो, रिले पॅनल दुसऱ्या राज्यातून, ड्रॉइंग तिसऱ्याच शहरातल्या ऑफिसात बसून काढलेलं असतं, केबल टाकणारा ठेकेदार पोटकंत्राटी. प्रत्येकाचं काम आपापल्या जागी ठीकही असतं. ती सगळी एकमेकांशी जुळतात की नाही हे पहिल्यांदा बघणारा माणूस म्हणजे कमिशनिंग इंजिनिअर. आणि त्याच्यामागे तपासणारं कुणी उरलेलं नसतं, कारण त्याची सही झाली की पुढचं पाऊल चार्जिंगचंच.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिकलची पदवी किंवा पदविका लागते. पदविकावाले या कामात मागे पडतात असं मला तरी दिसलेलं नाही. उलट ड्रॉइंग वाचायला ते लवकर सरावतात. राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचं पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा, ठेकेदार कंपन्या ते हमखास विचारतात. नागपूरला एनपीटीआयची संस्था आहे, तिथले वीजक्षेत्राचे अभ्यासक्रम चौकशी करण्यासारखे आहेत. नोकरीच्या वाटा चार: महापारेषणसारख्या कंपनीचा चाचणी विभाग, उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचा सर्व्हिस विभाग, टर्नकी ठेकेदार आणि स्वतंत्र टेस्टिंग एजन्सी. पहिलीत स्थैर्य आहे, दुसरीत एकाच बनावटीच्या ब्रेकरची किंवा रिलेची खोल माहिती मिळते. पण वयाच्या पंचविशीत हात तयार करायचा असेल तर मी टेस्टिंग एजन्सी सुचवेन. आज साक्रीचं सौर उपकेंद्र, पुढच्या महिन्यात साखर कारखान्याचं कोजन, त्यानंतर एखाद्या डेटा सेंटरचं २२० केव्ही जीआयएस. दोन-तीन वर्षांत जेवढ्या बनावटी हाताखालून जातात तेवढ्या इतरत्र दहा वर्षांत जात नाहीत. पगार सुरुवातीला बेताचा असतो, तो भाग वेगळा.

आता प्रत्यक्ष काम. ते दोन टप्प्यांत चालतं: आधी एकेका उपकरणाच्या चाचण्या, मग सगळी यंत्रणा जोडून. पहिल्या टप्प्यावर मी फार रेंगाळणार नाही, कारण त्याचे तक्ते तयार असतात आणि किट कसं लावायचं ते आठवडाभरात जमतं. ट्रान्सफॉर्मरचा मेगर, रेशो, वाइंडिंग रेझिस्टन्स, टॅन डेल्टा, एसएफआरए, तेलाची बीडीव्ही; ब्रेकरचं टायमिंग आणि कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स; सीटीचा रेशो, पोलॅरिटी, नी-पॉइंट; अर्थिंगचा ओहम. आकडा आला की तो तीन गोष्टींशी ताडून बघायचा: कारखान्याचा अहवाल, शेजारचे दोन फेज आणि त्या दिवशीची हवा. कोकणात जुलै महिन्यात बुशिंग कोरड्या फडक्याने न पुसता मेगर घेतला तर चांगला ट्रान्सफॉर्मरही नापास होतो. ब्रेकरच्या टायमिंगमध्ये तीन पोल किती मिलिसेकंदात उघडले यापेक्षा त्यांच्यात आपसांत किती फरक आहे हे आधी बघा, उघडताना ३.३३ मिलिसेकंदांपेक्षा जास्त फरक चालत नाही, बंद होताना ५ पेक्षा जास्त नाही. दोन्ही ट्रिप कॉइलवर वेगवेगळी चाचणी घ्या. आणि टॅन डेल्टा झाल्यावर बुशिंगच्या टेस्ट टॅपचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं का, ते स्वतःच्या हाताने बघा. त्या झाकणातूनच टॅप अर्थ होतो. ते राहिलं तर टॅप अधांतरी राहतो, आत ठिणग्या पडतात आणि लाखो रुपयांचं बुशिंग काही दिवसांत जातं. अहवालात मात्र त्याच बुशिंगची टॅन डेल्टा उत्तम लिहिलेली असते.

खरी परीक्षा दुसऱ्या टप्प्यात. आधी ड्रॉइंगप्रमाणे प्रत्येक तारेची दोन्ही टोकं बघायची. फेरूलवरचा नंबर बरोबर आहे म्हणून तार बरोबर आहे असं धरायचं नाही. कंटिन्युटी घ्यायची, लग ओढून बघायचा, मग ड्रॉइंगवर टिक करायची. जिथे बदल केला तिथे लाल पेनाने त्याच वेळी लिहायचं, रात्री खोलीवर जाऊन आठवून नाही. हे कंटाळवाणं काम ज्युनिअरवर ढकलून सीनिअर रिलेच्या लॅपटॉपपुढे बसतात, ही आपल्याकडची वाईट पद्धत आहे. रिलेमध्ये चूक असेल तर ती स्क्रीनवर दिसते. तारेतली चूक मात्र फॉल्ट येईपर्यंत लपून राहते.

सीटीच्या सर्किटवर सगळ्यात जास्त वेळ द्या. तिथे चार प्रश्न विचारायचे. पी-१ कुठल्या बाजूला आहे? कुठला कोअर कुठल्या कामाचा आहे, म्हणजे मीटरिंगचा ०.२एस कोअर चुकून डिफरन्शियलला तर गेला नाही ना? न्यूट्रल एकाच जागी अर्थ आहे ना? आणि न वापरलेले कोअर शॉर्ट केले आहेत ना? सीटीची सेकंडरी उघडी ठेवू नये हे प्रत्येकाला पाठ असतं, कित्येक किलोव्होल्टचा दाब तयार होतो हेही माहीत असतं. तरी टर्मिनल ब्लॉकमधली सरकती लिंक चाचणीनंतर उघडीच राहून जाण्याचे प्रकार होतात. त्यावर उपाय साधा आहे. चाचणीसाठी उघडलेली प्रत्येक लिंक एका वहीत लिहायची आणि ती लावल्यावर दुसऱ्या माणसाने खूण करायची. आपण उघडली तर आपणच खूण करायची नाही.

वायरिंग बरोबर आहे याचा पुरावा ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत स्टॅबिलिटी टेस्टने मिळतो. ती एकदा नीट समजून घ्या. १३२/३३ केव्हीचा, ५० एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर धरू, व्हेक्टर ग्रुप वायएन-वायएन-शून्य, इंपिडन्स १२ टक्के. एचव्ही सीटी ३००/१, एलव्ही सीटी १०००/१. टॅप नॉर्मलला आणायचा. ३३ केव्ही बाजूला, सीटीच्या पलीकडे, तिन्ही फेज जाड केबलने शॉर्ट करायचे. १३२ केव्ही बाजूला, तिथल्या सीटीच्या अलीकडून, स्टेशन सप्लायचे ४१५ व्होल्ट द्यायचे. पूर्ण भाराला एचव्हीतून सुमारे २१९ अँपिअर वाहतात. ४१५ व्होल्टला या इंपिडन्समधून वाहतील ५.७ अँपिअर, एलव्हीत त्याच्या चौपट, म्हणजे २३ च्या आसपास. सेकंडरीत एचव्हीकडून १९ मिलिअँपिअर आणि एलव्हीकडून २३. हे आकडे सप्लाय देण्याआधी कागदावर काढून ठेवायचे. मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो. नेहमीच्या मोठ्या क्लॅम्पवर हे दिसणारच नाही.

सप्लाय दिला की रिलेच्या मेझरमेंटमध्ये दोन्ही बाजूंचा करंट रेटेडच्या अडीच टक्क्यांच्या आसपास दिसेल आणि डिफरन्शियल जवळपास शून्य. इथे बरेच जण फोटो काढून किट गुंडाळतात. थांबा. शून्य दोन कारणांनी दिसतं: दोन्ही करंट एकमेकांना छेदतात म्हणून, किंवा रिलेपर्यंत काही पोचतच नाही म्हणून. आकडे इतके लहान असतात की घाईत फरक कळत नाही. म्हणून एका बाजूच्या सीटीची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करून बघायची. डिफरन्शियल दुप्पट होऊन पाच टक्क्यांवर गेला की खात्री झाली. मग तारा मूळ जागी आणायच्या, पुन्हा सप्लाय द्यायचा आणि पुन्हा शून्य बघायचं. हे दुसरं शून्य अहवालात लिहायचं. आरईएफसाठी हाच प्रकार सिंगल फेजवर, न्यूट्रल सीटी धरून.

ट्रिपच्या चाचणीचा एकच नियम मी मानतो: सिग्नल जिथे जन्मतो तिथूनच द्यायचा. बुखहोल्झचा ट्रिप तपासायचा तर ट्रान्सफॉर्मरवर चढून रिलेचं टेस्ट बटण दाबायचं. खाली मार्शलिंग बॉक्समध्ये दोन टर्मिनल शॉर्ट करून एटी-सिक्स पडला म्हणजे काम झालं असं नाही. वर चढल्यावर आणखी एक गोष्ट दिसते. टर्मिनल बॉक्सची केबल ग्लँड सैल आहे का, झाकणाखालचं रबर आहे का, केबल वरून आत शिरते की खालून. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात धडधाकट ट्रान्सफॉर्मर बुखहोल्झवर ट्रिप होतात, त्यांतले कितीतरी आत शिरलेल्या पाण्यामुळे. तेलाचे नमुने प्रयोगशाळेत जातात, गॅस निघत नाही, चर्चा होत राहते आणि कारण असतं सैल राहिलेली ग्लँड.

डीसीकडे कमी लोक बघतात. मोठ्या उपकेंद्रात दोन बॅटऱ्या, दोन सोर्स, दोन ट्रिप कॉइल. एक गेलं तर दुसऱ्याने ब्रेकर उघडावा एवढ्यासाठी हा सगळा खर्च. पण वायरिंग करताना कुठेतरी सोर्स-१ चा पॉझिटिव्ह आणि सोर्स-२ चा निगेटिव्ह एका सर्किटमध्ये येतात आणि दोन्ही बॅटऱ्या चालू आहेत तोवर सगळं सुरळीत चालतं. तपासायचं असं: सोर्स-१ पूर्ण बंद करा, प्रत्येक बेच्या सोर्स-१ च्या टर्मिनलवर मीटर लावा. कुठेही व्होल्टेज राहता कामा नये. मग सोर्स-२ वर ट्रिप द्या. मग उलट. अर्धा दिवस जातो. प्रोजेक्ट मॅनेजर तुम्हाला तो द्यायला तयार नसतो; वेळापत्रकात हा अर्धा दिवस आधीच मागून घ्या.

सेटिंगबद्दल. रिले सेटिंग तुम्ही ठरवत नाही, ती ग्राहकाच्या किंवा पारेषण कंपनीच्या ऑफिसातून येते. पण ती डोळे मिटून भरू नका. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारताची ग्रिड कोसळली, तिची सुरुवात मध्य प्रदेशातल्या ४०० केव्ही बीना–ग्वाल्हेर लाइनच्या ट्रिपिंगने झाली. त्या लाइनवर फॉल्ट नव्हता. भार वाढलेला, व्होल्टेज खाली आलेलं, आणि डिस्टन्स रिलेच्या तिसऱ्या झोनला तो भारच दूरचा फॉल्ट वाटला. रिलेने त्याला दिलेल्या हद्दीप्रमाणेच काम केलं. दुसऱ्या दिवशी तर उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्य भारतही अंधारात गेला. तुमच्या हातात आलेल्या सेटिंग शीटवर सीटी रेशो साइटवरच्या नेमप्लेटशी जुळतो का, लाइनची लांबी खरी आहे का, झोन-३ ची व्याप्ती आणि लाइनचा जास्तीत जास्त भार यांत अंतर आहे का, एवढे तीन प्रश्न तुम्ही विचारू शकता. विचारल्यावर समोरचा चिडला तर चिडू द्या, पण प्रश्न ईमेलवर विचारा. शक्य तितक्या लवकर फॉल्ट रेकॉर्ड वाचायला शिका. रिले कंपन्यांची त्यासाठीची सॉफ्टवेअर बहुतेक फुकट मिळतात.

सुरक्षिततेवर वेगळं भाषण देत नाही, पण तीन-चार गोष्टी पुस्तकात ठळक नसतात. चालू उपकेंद्राच्या विस्ताराचं काम नव्या उपकेंद्रापेक्षा धोक्याचं असतं, कारण शेजारचा बे जिवंत असतो आणि तुमचा बे दिसायला अगदी तसाच असतो. लाइन क्लिअर कुणाच्या नावावर निघालाय, कुठल्या बेचा, किती वाजेपर्यंत, हे यार्डात पाय ठेवण्याआधी स्वतः वाचा. बंद लाइनवर शेजारच्या सर्किटमुळे इंडक्शन येतं, म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ लागतो. तुमचं स्वतःचं किटही मारू शकतं. टॅन डेल्टा १० केव्हीवर होते. वाइंडिंग रेझिस्टन्सचा करंट पूर्ण उतरण्याआधी लीड काढली तर वाइंडिंगमध्ये साठलेली ऊर्जा हातातून जाते. ब्रेकरची स्प्रिंग चार्ज असताना मेकॅनिझममध्ये बोट घालणाऱ्याचं बोट राहत नाही. एसएफ-६ हवेपेक्षा पाचपट जड असतो, खोलगट जागी साचतो आणि गुदमरवतो. आणि हो, केबल ट्रेंचचं झाकण उचलल्यावर लगेच हात घालू नका. विदर्भ-मराठवाड्यात आत साप असणं ही नवलाची गोष्ट नाही.

चार्जिंगचा दिवस ठरण्याआधी विद्युत निरीक्षकाची परवानगी लागते, मीटरिंगचं सील लागतं आणि राज्याच्या जाळ्याला जोडायचं असेल तर कळव्याच्या राज्य भार प्रेषण केंद्राकडून वेळ आणि कोड घ्यावा लागतो. ही कागदपत्रं हातात नसताना 'साहेब येणार आहेत, आज करूनच टाका' असा दबाव येतो. त्या वेळी तुमचा शेवटचा उपाय म्हणजे पंच पॉइंट लिस्ट. राहिलेलं प्रत्येक काम तारखेसह त्यात लिहिलेलं असू द्या, आणि चार्जिंग थांबवणारी कामं वेगळी दाखवा. ब्रेकरखालची खडी कमी आहे म्हणून चार्जिंग थांबवू नका. डीसी अर्थ फॉल्ट सापडला नाही म्हणून जरूर थांबवा.

पहिल्यांदा चार्ज केल्यावर ट्रान्सफॉर्मर एकदा ट्रिप झाला तर हातपाय गाळू नका. इनरशचा करंट असतो, दुसऱ्या हार्मोनिकचं ब्लॉकिंग नीट नसेल तर डिफरन्शियल उचलतो. रेकॉर्ड काढा, लाटेचा आकार बघा, मग निर्णय घ्या. रेकॉर्ड न बघता दुसऱ्यांदा चार्ज करणं हा जुगार आहे. दोन सोर्स जोडण्याआधी पीटीच्या सेकंडरीवर फेजिंग घ्या: आर ते आर शून्य, आर ते वाय ११०. ट्रान्सफॉर्मर नो-लोडवर चोवीस तास ठेवतात. तो वेळ झोपण्यात घालवू नका, थर्मल कॅमेरा घेऊन एक फेरी मारा आणि आवाज ऐका. मग भार घेतल्यावर खरी शेवटची चाचणी येते. प्रत्येक रिलेवर करंट-व्होल्टेजचे कोन बघून डिस्टन्स आणि डायरेक्शनल घटक पुढेच बघतायत ना, याची खात्री. यासाठी पुरेसा भार लागतो, आणि नव्या लाइनवर तो पहिल्या दिवशी बहुधा नसतो. मग ही चाचणी पुढे ढकलली जाते आणि सगळे घरी जातात. तुम्ही ती तारीख घेऊन ठेवा आणि परत जाऊन करा.

नोकरी स्वीकारताना पगाराइतकंच हे विचारा: साइटवरचा भत्ता किती, विमा कंपनी काढते का, टेस्ट किटची एनएबीएल कॅलिब्रेशन चालू आहेत का, आणि पहिल्याच वर्षी तुम्हाला एकट्याला साइटवर पाठवणार का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर दुसरी कंपनी बघा. मुलींनी राहण्याची आणि स्वच्छतागृहाची सोयही निःसंकोच विचारावी; बांधकाम चालू असलेल्या उपकेंद्रात ती बहुतेक नसते आणि विचारल्याशिवाय होत नाही. महिन्यातले वीसेक दिवस घराबाहेर जातात, शटडाउन रविवारी मिळतो किंवा दिवाळीत, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

पाचेक वर्षांनी आखाताचे फोन येऊ लागतात. सौदीत ३८० केव्ही आणि ६० हर्ट्झ, बाकी आखातात बहुतेक ५० हर्ट्झ. काम तेच, पण कागदाची शिस्त फार कडक. तिथे ग्राहकाचा सल्लागार तुमची मुलाखत घेऊन मगच नाव मंजूर करतो. ब्रिटनमध्ये तर अधिकृत व्यक्ती म्हणून त्या-त्या जाळ्याचं वेगळं प्राधिकरण मिळवावं लागतं, इथला अनुभव कितीही असो. या मुलाखतीत प्रमाणपत्रांपेक्षा तुम्ही स्वतः केलेल्या कामाची यादी चालते. म्हणून पहिल्या साइटपासून एक तक्ता ठेवा: उपकेंद्र, व्होल्टेज, रिलेची बनावट, कुठली चाचणी, त्यात तुमचा हात किती आणि काय सापडलं. ग्राहकाचे अहवाल आणि ड्रॉइंग घरी नेऊ नका, ती त्यांची मालमत्ता आहे. तक्ता मात्र तुमचा. 'काय सापडलं' हा रकाना कोरा असलेल्या उमेदवाराला मुलाखत घेणारे फार वेळ बसवून ठेवत नाहीत.